एका फायलीत दोघांचा संसार

४ नोव्हें.
नंदाच्या लॅपटॉपवर मराठी टायपिंग पुन्हा बसवून दिलं. कितव्यांदा, देव जाणे. आता बास. दोघांच्या सेटिंग्ज एकाच फोल्डरात, तो गिटमध्ये, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये; दोन्ही लॅपटॉपवर जागोजागी नुसत्या लिंका. एकीकडे बदललं की सकाळी दुसरीकडे आपोआप.
नंदा : "म्हणजे तुमचा घोळ मला घरपोच."
शिक्षिकेशी वाद घालू नये.

७ नोव्हें.
शॉर्टकट भरले. "माअ" दाबलं की "माननीय अध्यक्ष महोदय" उमटतं. बाई खूश. शाळेत सारखं कुणातरी अध्यक्षाला लिहायचं असतं.

१२ नोव्हें.
सोनिवलीच्या नव्या सोसायटीवर लेख. नळाला पाणी नाही, गेटवर कारंजं. अध्यक्ष ओळीओळीत. माझ्यापुरतं "माअ" बदललं : "माननीय अध्यक्ष, आजन्म बिनकामाचे". गिटमध्ये बदलाची नोंद : "जिरवली". स्वतःवरच खूश.

१४ नोव्हें.
नंदाचा पर्यवेक्षकपदाचा अर्ज. किती वर्षं थांबलीय या जागेसाठी. सकाळी घाईत टाइप केला. टाइप करताना ती बोटांकडे बघते, पडद्याकडे नाही. उल्हासनगरला शाळेसमोर प्रिंट, सही, थेट शाळा चालवणाऱ्या संस्थेत, अध्यक्षांच्या नावे. झेरॉक्सवाला सिंधी म्हणाला म्हणे, "मॅडम, शुरुआत बहुत दमदार है."
तिला वाटलं, कौतुक.

१५ नोव्हें.
पोच घेतलेली प्रत आज वाचली तिने.
"अहो, हे कुणी लिहिलं?"
"सॉफ्टवेअर कधी कधी..."
बदल कुणी केला ते दाखवणारी, मीच शिकवलेली गिटची आज्ञा तिने ठोकली. पडद्यावर माझं नाव, तारीख, "जिरवली".
"माझ्यापुरतं" असं काही नसतं, हे तिला चहा पिता पिता समजावलं होतं. मी.
बदल मागे घेतला. गिटमध्ये जमतं. संस्थेत नाही. कारकून : "मॅडम, अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला."

१७ नोव्हें.
तिने लिंक काढून टाकली. स्वतःची वेगळी फाइल. सेटिंग्जची चूल वेगळी झाली. स्वयंपाकाची अजून एकच. आमटीत मीठ नव्हतं. विचारलं नाही.

२० नोव्हें.
संस्थेतून फोन. "अध्यक्षांनी सोमवारी बोलावलंय. मिस्टरांनाही आणा." कारकून हसत होता की खोकत होता, नंदाला कळलं नाही. पद मिळणार की नोटीस, तेही नाही.
"खुलासा तुम्ही लिहायचा," ती म्हणाली. "हाताने."
पेन सापडलं. "माननीय"पर्यंत आलोय. ती खुर्चीमागे उभी आहे.