बोल्टवरची रेघ

रहाटणी,
२ जुलै २०२४

चि. ज्ञानदेवास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडं बरे आहोत. सोयाबीन उगवलं असेल. तुझं कोळपणीचं यंत्र दुरुस्त करून पाठवतेय. चिठ्ठी मुद्दाम खोक्यात ठेवली. फोनवर बोलायचं तर हे समोरच बसलेले असतात.

क्रँकशाफ्टवर क्लच धरून ठेवणारी चावी, म्हणजे खाचेत बसणारा लोखंडाचा तुकडा, झिजली होती आणि टोकाचा बोल्टही गेला होता. ते मॉडेलच बंद झालंय म्हणे, पार्ट कुठं मिळेना. मी म्हटलं, भंगारात द्या. तर तुझे दाजी असे खवळले! "कंपनीत इंजिनाच्या लाइनवर जन्म गेला माझा, आणि मला भंगार शिकवतेस?" अर्धांगाचा झटका आल्यापासून माणूस भिंतीकडं तोंड करून पडून होता रे. त्या दिवशी उठून बसला. मला तर ते खवळणंच गोड लागलं.

मग काय, गॅलरीत कारखाना सुरू! चावी लोखंडी पट्टीतून काढली, जाड वायसर माझ्या मोडक्या विळीच्या पायातून. भोक तेवढं काळेवाडीच्या वेल्डिंगवाल्या सनीनं पाडून दिलं, नवा बोल्टही त्याच्याकडचाच. कानस मी घासायची, हे नुसते "अजून केसभर" म्हणायचे. केसभर केसभर करत माझे खांदे गेले. बोल्ट आवळताना इंजिन फिरू नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून आत दोरी कोंबतात, म्हणजे दट्ट्या अडतो. घरात दोरी कुठली? माझ्या परकराची नाडी गेली आत. हसू नकोस.

शेवटचा पाना यांनीच मारला. मग कंपनीतल्या रिवाजाप्रमाणे बोल्टवरून खाली वायसरपर्यंत रेघ ओढली, आमची पिंकी माहेरी विसरून गेलेल्या नेलपॉलिशनं. बोल्ट हलला की रेघ तुटलेली दिसते. आणि जो आवळतो त्यानंच रेघ ओढायची, हा यांचा नियम.

आता मघापासून टाळतेय ते सांगते. दुपारी यांचा डोळा लागल्यावर मी सहज बोल्टला पाना लावून बघितला. फिरला की! चांगला फिरला. यांचा उजवा हात उठत नाही आणि डाव्यात जोर नाही. क्लच सुटून तुझ्या पायावर आला असता तर? एकुलता भाऊ तू माझा. नाडी आतच होती, दातओठ खाऊन आवळला. पण रेघ तुटली. नवी ओढली असती, तरी यांनी ओळखलं असतं. यांची वाकडी रेघ मला कुठून जमणार?

संध्याकाळी ती यांच्या नजरेला पडली. मी पोळ्या लाटत होते, जीव सगळा कानात. मग हाक आली, "कुसुम, इकडं ये."

यांचे डोळे भरलेले होते. "माझ्यानं आवळला गेला नाही ना?"

मला खोटं बोलवेना. दोघंही रडलो रे ज्ञानू. हात आता पहिल्यासारखा होणार नाही, हे आम्ही दोघांनी तेव्हाच पहिल्यांदा कबूल केलं.

मग नाक पुसून यांनी नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. "आवळलास तू, रेघही तूच ओढ. आणि सरळ ओढ. लाइनवर असलं वेडंवाकडं चालत नाही."

तर नाडी काढून घेतलीय, यंत्र बिनघोर चालव. फक्त सुरू करण्याआधी रोज रेघ बघत जा. आणि मोडलेलं आणखी काही असेल तर पाठवून दे. नसेल, तर बाबा, काहीतरी मोड.

रेघ ओढणारी तुझी,
कुसुमअक्का