रिकामी नळी

मंड्या, २२ जानेवारी २००६

ती. अप्पांना गंगरत्नाचा सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं असेलच. त्यातल्या बारा नळ्या बघून तुम्ही हसला असाल, हेही मला इथे बसून दिसतंय. यंदा तलाव अर्धाच भरलाय, आणि तुम्ही अक्कयम्माला शब्द देऊन बसलात की पाटाच्या टोकाला असलेल्या तिच्या खाचरापर्यंत पाणी पोचेल. गावच्या नीरगंटीचा शब्द तो, तलावाची मोरी उघडून पाणी सोडणाऱ्या हाताचा. म्हणून हा खटाटोप.

प्रत्येक खाचरात एक नळी चिखलात रोवा आणि तिच्या आतला चिखल उपसून टाका. बाजूच्या भोकांतून शेतातलं पाणी तिच्यात येईल. ते जमिनीखाली वीतभर उतरलं, की मगच मोरी उघडा. तोवर वरचा चिखल सुकला तरी हात आवरा. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. सोबत हिरव्या रंगांची पट्टी आहे. आपल्या अंगाच्या सावलीत पान तिच्यावर धरा. खूण केलेल्या रंगाहून फिकं असेल तरच युरिया. शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपणही टाकला, असं नको!

अम्माला नमस्कार. शिकवणी दिली म्हणून लोभ आटू देऊ नका.

तुमची,
गंगरत्ना

हुणसेहळ्ळी, १२ फेब्रुवारी

चि. गंगरत्नास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

नळ्या रोवल्या. रोज सकाळी बांधाबांधानं फिरून आत डोकावतो. पोरी, नळ्या भरलेल्याच आहेत! सतरा दिवस झाले, मी मोरीला हात लावलेला नाही. तलाव आहे तसा आहे, पण भात बरं दिसत नाही. पानं गुंडाळलीत, भेगांत बोट जातं. माझा डोळा म्हणतो पाणी दे, तुझी नळी म्हणते थांब. मी नळीचं ऐकलं, कारण ती तू पाठवलीस.

गावात कुजबूज आहे. चौडप्पाची लेक शिकली आणि बापाची अक्कल गेली, असं म्हणतात. परवा देवळापुढे बैठक बोलावलीय. अक्कयम्माचं खाचर वाळलं तर मी नीरगंटीपण सोडणार, हे नक्की. माझ्या आज्यापासून चालत आलंय, पण शब्द मोडून मोरीवर उभं राहायला तोंड नाही. नळी खोटी की डोळा, ते लवकर कळव.

तुझ्यावरचा लोभ काही नळीवर अवलंबून नाही, काळजी नको.

तुझा अप्पा

हुणसेहळ्ळी, १५ फेब्रुवारी

चि. गंगरत्नास आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. काल बैठकीत मी काम सोडतो म्हणून उभा राहिलो, तोच बायकांच्या बाजूनं तुझी अम्मा उठली. आजवर तिनं बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, त्यांना बोलू नका, नळी मी भरत होते. लावणी झालेल्या शेतात रिकामं भांडं ठेवू नये, म्हणून निंदायला जाताना रोज तांब्याभर पाणी ओतत होते.

मग अक्कयम्मा हळूच म्हणाली, मीही ओतत होते. मग पाटलांची सून. एकेक करून बाराही नळ्यांच्या धनिणी उठल्या! आपले नवरे ज्यात डोकावून मान हलवतात, ते पाणी या भरत होत्या. हसू आवरता आवरेना. मी तिथूनच पळत जाऊन मोरी उघडली.

राग तिचा नाही आला. नळी कशाला आहे, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तूही तिला कधी लिहिलं नाहीस. पुढचं पत्र माझ्या नावानं नको.

अप्पा

मंड्या, २० फेब्रुवारी

ती. अम्मास गंगरत्नाचा सा. न.

अम्मा, रोपं तू लावतेस, तण तू काढतेस, आणि मी सगळं लिहिलं अप्पांना. चूक माझी आहे. मला फार लाज वाटली. नळी रिकामी दिसली तर भिऊ नकोस. ती खालचं पाणी दाखवायला आहे. वीत तुझीच मोज, अप्पांची वीत मोठी आहे. पट्टीही तूच हातात धर. भात अजून लहान आहे, सावरेल असं वाटतं. सावरलं नाही तरी मला खरं कळव.

तुझ्या लोभाची मी जन्माची भुकेली,
गंगरत्ना

हुणसेहळ्ळी, २३ एप्रिल

चि. गंगूला अम्माचे आशीर्वाद.

तीन इयत्तांचं शिक्षण, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा हसत हसत वाच. कापणी झाली. पीक दरवर्षीपेक्षा थोडं कमीच भरलं, ते एकोणीस दिवस आम्हांला नडले. पण अक्कयम्माचं खाचर वाळलं नाही. भारे बांधताना ती रडली, मग मीही रडले. पट्टी बघून युरिया टाकला, तर एक गोणी घरातच उरली. तलावात अजून गुडघाभर पाणी आहे. तुझे अप्पाच नीरगंटी आहेत.

एक गंमत सांगते, त्यांना कळू देऊ नकोस. फेब्रुवारीपासून रोज सकाळी ते मोरीपाशी जाऊन नुसते उभे राहायचे. मी खाचरातून फिरून, नळ्या बघून हात वर करीपर्यंत मोरीला हात लावायचे नाहीत. ताटातले नाचणीचे मुद्दे निवून जायचे, तरी उभे. लग्नाला अडतीस वर्षं झाली गंगू, पण हा माणूस माझ्यासाठी थांबला, असं पहिल्यांदाच झालं.

तुझी अम्मा