तोकुजींच्या सकाळच्या फेरीची व्यवस्था

मी, शिनोहारा मित्सुए, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार कामिनागारे आळी, घर क्रमांक अकरा, हे सर्व माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. पोटातल्या गाठीचा आहे, पण तो कायद्यात धरत नाहीत. डॉक्टर नव्या वर्षाचे नाव काढत नाहीत, "थंडी पडेपर्यंत बघू" म्हणतात, आणि थंडी तर पडू लागली आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. यानंतर करायला वेळ मिळेल असे वाटत नाही.

कलम १. घर. हे घर माझ्या वडिलांचे. माझे पती तोकुजी इथे घरजावई म्हणून आले आणि बावन्न वर्षे त्यांनी या गोष्टीची मला एकदाही आठवण करून दिली नाही. मागची राहती बाजू त्यांच्या हयातीत त्यांची. त्यांच्यामागे ती माझी मुलगी कियोमी हिची. तोवर तिने ती विकू नये, भाड्याने देऊ नये आणि "आई, तिथे वाहनतळ छान होईल" हे वाक्य पुन्हा उच्चारू नये. पुढच्या दुकानाबद्दल कलम सातमध्ये लिहिले आहे.

कलम २. टपाल खात्यातली माझी बचत तोकुजींचे जेवण, औषधे आणि घरी येणाऱ्या नर्सबाई यांसाठी वापरावी. व्यवहार कियोमीने पाहावा. तिचा हिशेब चोख असतो. माझा अंत्यविधी लहान करावा.

कलम ३. हत्यारे. तातामीच्या गवती बैठका शिवण्याच्या चौदा लांब सुया, तळहातावर बांधायचे चामडे आणि कडा कापायची रुंद सुरी दुकानाच्या भिंतीवर आहेत. ती तोकुजींची आहेत, तेव्हा मी ती देणारी कोण. फक्त एवढे लिहून ठेवते की कोणी ती हलवू नयेत. रोज दुपारी तोकुजी एकेक सुई काढतात, तेलाच्या फडक्याने पुसतात आणि जागच्या जागी लावतात. मुलीचे नाव विसरले, पण सुयांचा क्रम विसरलेले नाहीत. सुरीची धार मी बोथट करून घेतली आहे.

कलम ४. आळी मंडळाच्या अध्यक्षा हाचिया इकुको यांच्याकडे माझे भात वाफवायचे लाकडी भांडे अकरा वर्षांपासून आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. मात्र ते माझे आहे हे मला शेवटपर्यंत ठाऊक होते, एवढे त्यांना कळवावे. मंडळाने मला दिलेले "स्वच्छ आळी" प्रशस्तिपत्र काचेसकट त्यांना परत करावे. त्यावर माझा हक्क नाही. तो कसा नाही, ते कलम सहामध्ये सांगते.

कलम ५. कुरी. ही आमची कुत्री, वय नऊ, रंग भाजलेल्या चेस्टनटसारखा. कायद्याने ती वस्तू आहे. माझ्या मते ती या घरातली सध्या सर्वांत जबाबदार व्यक्ती आहे. तोकुजी सकाळी तिला फिरायला नेतात असे लोक समजतात. खरे तर ती त्यांना नेते. नदीच्या बांधावरून परतताना ते कोपऱ्यावर थबकतात, कोणत्या बाजूला वळायचे ते कळत नाही, आणि कुरी दोरी ताणून त्यांना घराकडे ओढते. तिच्याविना ते परत आलेले नाहीत, आणले गेले आहेत.

म्हणून या दोघांची ताटातूट होऊ नये, ही माझी एकच इच्छा आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

ऑगस्टमध्ये माझ्या तपासण्या होत्या, तेव्हा दोन दिवस तोकुजींना वृद्धाश्रमात ठेवले होते. तिथे कुत्री चालत नाही. तिथली माणसे भली होती. पण मी घ्यायला गेले तेव्हा तोकुजी दाराशी उभे होते, मनगटाला टॉवेल बांधलेला आणि त्याचे दुसरे टोक जमिनीवर लोंबते. दोन दिवस असेच उभे होते, असे तिथल्या माणसांनी सांगितले. जेवले नव्हते. मी त्या टॉवेलची गाठ सोडली आणि बाहेर येऊन रडले. कियोमीला फोन केला.

"आई, सवय होईल गं त्यांना."

"आणि कुरीचं काय?"

"नेईल की कोणीतरी."

"कोण?"

"कोणीतरी, आई. मला काय माहीत! माझ्या इमारतीत मांजरसुद्धा ठेवू देत नाहीत."

शेवटी ती एवढे कबूल झाली: "सकाळचं त्यांना न्यायला-आणायला रोजचं भरवशाचं माणूस असेल, तर राहू देत बाबांना घरी. पण मला लेखी दे. नाहीतर एक डिसेंबरला मी त्यांना आश्रमात नेणार." मुलगी वाईट नाही. दोन तासांच्या अंतरावर राहते, नोकरी करते, आणि घाबरली आहे. मी तिच्याहून जास्त घाबरले आहे.

आळीत अठरा घरे आहेत. पहाटे उठणारा, कुत्र्याचे सगळे जाणणारा आणि तोकुजी ज्याच्यामागे मुकाट्याने चालतील असा माणूस एकच आहे. तो शेजारच्या बारा क्रमांकात राहतो, आणि त्याच्याकडे काहीही मागायचे तोंड मला राहिलेले नाही.

कलम ६. कबुली. तीन वर्षांपूर्वी स्वच्छतेची पाळी माझ्याकडे होती. त्या वसंतात नगरपालिकेने सगळ्या आळ्यांना पिवळे खडू वाटले. नियम सोपा होता. रस्त्यात कुत्र्याची घाण दिसली तर उचलायची नाही. भोवती खडूने वर्तुळ काढायचे, बाजूला तारीख आणि वेळ लिहायची आणि निघून जायचे. मालक पुढच्या वेळी तिथून जाईल, वर्तुळ पाहील आणि शरमेल. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. जो उचलेल तोच मालक.

मला हे काम फार आवडले. माझे अक्षर चांगले आहे.

सव्वा महिन्यात मी चौदा वर्तुळे काढली. चौदाही मुकाई हारुओ यांच्या कुंपणाशी, कॅमेलियाच्या झुडपांखाली, सकाळी पावणेसहाच्या सुमाराला. मुकाईंकडे गोन्ता नावाचा थोराड, तांबडा कुत्रा होता. मुकाई विधुर, मूलबाळ नाही. गोन्ताशी ते माणसाशी बोलावे तसे बोलत. फिरताना त्यांच्या हातात नेहमी छोटे खोरे, कागद आणि पाण्याची बाटली असे. गोन्ताने खांबावर पाय वर केला की ते तिथे पाणी ओतत, आणि बाकीचे कागदात गुंडाळून घरी नेऊन संडासात सोडत. हे मी वीस वर्षे डोळ्यांनी पाहिले होते. तरीही चौदा वर्तुळे काढताना मला ते आठवले नाही. खडू हातात असला की माणूस खालीच बघतो.

मग चौदाव्या वर्तुळाच्या दुसऱ्या दिवशी हाचियासान धावत आल्या. "मित्सुएसान, पाहिलंत का? मुकाईंनी उचललं! वर्तुळसुद्धा ब्रशने घासून पुसलं. आता अजून काय पुरावा हवा?" मीही तेच म्हटले. आपल्या दारासमोरचा रस्ता आपण झाडायचा, शेजाऱ्याचाही हातभर झाडायचा, असे या आळीत लहानपणापासून शिकवतात. मुकाईंनी तेवढेच केले होते. आम्ही त्याला गुन्ह्याची कबुली समजलो.

घरोघर फिरणाऱ्या फळीवर मी सूचना लिहिली. नाव घातले नाही, आम्ही नाव घालत नाही. "कॅमेलियाच्या कुंपणाजवळ राहणाऱ्या सभासदाने शेजाऱ्यांचा विचार करावा." अठरा घरांनी वाचून शिक्के मारले. मुकाईंनीही मारला. त्या आठवड्यापासून लोक त्यांना नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. महिनाभराने, एका रविवारी, त्यांनी गोन्ताला डोंगरातल्या गावी बहिणीकडे पाठवले.

बुधवारी सकाळी कॅमेलियाखाली पुन्हा घाण होती.

मी खडू काढला आणि अर्धे वर्तुळ काढून झाले होते. तेव्हा मला त्यात भोपळ्याच्या साली दिसल्या. कुरीचे पोट बिघडले होते म्हणून आदल्या दिवशी मीच तिला भोपळा शिजवून घातला होता. मी ते अर्धे वर्तुळ चपलेने पुसले, घाण पिशवीत भरली आणि घरी आले. तोकुजी पायरीवर बसून कुरीचे पाय पुसत होते. बाजूला त्यांची पिशवी होती, कोरी. रोज ती कोरीच परत येत असे आणि मी मनात म्हणत असे, किती नीटनेटका माणूस! ते उचलायचे विसरू लागले होते. त्यांच्या आजाराची ती पहिली खूण होती, आणि मी तिच्याभोवती चौदा वेळा वर्तुळ काढून, तारीख घालून, ती शेजाऱ्याच्या नावावर लावली होती.

मी त्या दिवशी बोलायला हवे होते. बोलले नाही. तोकुजींचे हसे होईल, असे स्वतःला सांगितले. खरे तर माझे झाले असते. दुसऱ्या दिवसापासून मी पन्नास पावले मागे राहून त्यांच्यामागून चालू लागले, पिशवी आणि बाटली घेऊन. रस्ता लख्ख झाला. "बघा, मुकाईंचा कुत्रा गेला आणि आळी कशी आरशासारखी झाली," असे म्हणत हाचियासाननी मला भर सभेत प्रशस्तिपत्र दिले. मुकाई मागच्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी ते प्रशस्तिपत्र दोन्ही हातांनी घेतले.

या सप्टेंबरपासून मला चालवत नाही. ऑक्टोबरात एका सकाळी मुकाई दाराशी आले. पुढे कुरी, मागे तोकुजी. त्यांनी मला एक पिशवी दिली, तोंड व्यवस्थित बांधलेली.

"वहिनी, ही त्यांची. मी बांधून आणली आहे," ते म्हणाले. मग सहज म्हणावे तसे म्हणाले, "पूर्वीही बांधायचो मी."

ते वळून गेले आणि मी दारातच बसले. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. फळीवर शिक्का मारतानाही.

कलम ७. माझी विनंती मुकाई हारुओ यांना आहे. मुकाईसान, रोज सकाळी तोकुजी आणि कुरी या दोघांना बरोबर न्यावे आणि परत आणावे. बाकी सगळे नर्सबाई बघतील. यासाठी घराची पुढची बाजू, म्हणजे दुकान, मी तुम्हाला देत आहे. ही मजुरी नाही आणि भरपाईही नाही. गोन्ताची भरपाई कशाने करणार? तिथे ऊन चांगले येते, तुमच्या कुंड्या राहतील. मी हात जोडते. माझ्याकडे दुसरा माणूस नाही, दुसरा उपाय नाही, आणि दिवसही नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर ते त्या दाराशी टॉवेल बांधून उभे राहतील, आणि कुरीला कोणीतरी नेईल.

आमच्या आळीत तोंडावर नाही म्हणत नाहीत, म्हणून एक सोय केली आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागतच नाहीत असे वकील म्हणाले. मला दोन हवे आहेत. ज्याला कागदातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असेही ते म्हणाले. तेव्हा तुम्हाला हे नको असेल, तर काही न बोलता खाली दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही करून शिक्का मारावा. मी समजेन. चहा मात्र पिऊन जावे.

कलम ८. माझ्या मृत्यूनंतर आळीची फळी माझ्या घरापासून फिरवावी. त्यावर लावायचा कागद मी लिहून ठेवला आहे. चौदा वर्तुळांची घाण आमच्या कुत्रीची होती, मुकाईंच्या नव्हे. हे मला तीन वर्षे माहीत होते आणि मी लपवले, असे त्यात माझ्या नावानिशी आहे. तोकुजींचे नाव नाही. अठराही घरांनी वाचून शिक्का मारावा.

येथवर लिहून झाल्यावर आज सकाळी मी मुकाईंना बोलावले आणि कागद त्यांच्या हातात दिला. पहिल्या साक्षीदार, म्हणजे आमच्या नर्सबाई सेराबाई, बाजूला बसल्या होत्या. पुढे जे झाले तेही मी याच कागदात घालते, कारण त्यामुळे एका कलमात बदल झाला.

मुकाईंनी पडवीत गुडघ्यांवर बसून सगळे वाचले. अंगणात तोकुजी कुरीला धरून उभे होते. मध्येच त्यांनी हाक मारली, "काय रे मुकाई, आज गोन्ता नाही आला?"

"झोपलाय तो," मुकाई कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

मी जमिनीला कपाळ टेकले.

"उठा वहिनी, पोट दुखेल," ते म्हणाले. "बावीस दिवस जगला तो तिथं. ताईचा फोन यायचा, खात नाही म्हणून. मी आणायला गेलो नाही. आणला असता तर तुम्ही परत खडू घेऊन आला असतात."

मी कपाळ टेकलेलेच ठेवले.

"तोकुजींचं नाव फळीवर जाऊ नये म्हणून गप्प बसलो. तुमच्यासाठी नाही. आणि माफबिफ केलंय असंही समजू नका." मग त्यांनी पान उलटून आठव्या कलमावर बोट ठेवले. "मेल्यावर कबूल करणं फार सोपं आहे हो. फळी फिरेल तेव्हा तुम्ही नसाल. त्या सगळ्यांची तोंडं पुन्हा मीच बघायची का?"

सेराबाईंनी मला उठून बसायला हात दिला आणि पेन जवळ सरकवले. मी दुरुस्ती केली. मुकाई शाई वाळेपर्यंत थांबले. नंतर त्यांनी आणलेला शिक्का परत खिशात घातला, पायऱ्या उतरून अंगणात गेले आणि कुरीच्या दोरीची गाठ नीट करून दिली. चहा प्यायले नाहीत.

लिहून देणार: शिनोहारा मित्सुए (सही, शिक्का)

साक्षीदार पहिला: सेरा नोबुए, घरी येणाऱ्या परिचारिका (सही, शिक्का)

साक्षीदार दुसरा: ही जागा कोरी आहे.

ठिकाण: कामिनागारे आळी, घर क्रमांक अकरा. दिनांक: रेइवा युगाचे सहावे वर्ष, अकरावा महिना, तारीख नऊ.

दुरुस्ती: कलम आठमधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडले आणि त्या जागी "उद्या सकाळी" असे लिहिले. खोडलेले शब्द दोन, वाढवलेले शब्द दोन. शिनोहारा मित्सुए (शिक्का)