भिऊन मारलेला चेंडू

आबा,

आई पुढच्या मंगळवारी फ्रँकफर्टला उतरते आहे आणि तिला हॅनोव्हर बघायचं आहे. मी काल फोनवर तिला म्हणालो की हॅनोव्हर माझ्या घरापासून लांब आहे, रेल्वेत तीन तास बसावं लागतं, तुझे गुडघे धरतील. ती म्हणाली, "एवढं इमानानं यायचं, मग तीन तासाला काय हुतंय? तुझ्या आबास्नी बघायचं हुतं ते कॉलेज. त्यांच्या वाटचं मी बघणार. आणि तुझं ते सर्टिफिकीट भिंतीवर लावलंयस न्हवं? त्याच्याजवळ माझा एक फोटो काढ, तालमीतल्या पोरांना दाखवायचाय." मी हो म्हणालो. आबा, माझ्या भिंतीवर काही नाही. ते सर्टिफिकेट कधी नव्हतंच. तुम्ही गेलात त्याला आठ वर्षं झाली आणि तुम्हाला सांगितलेली ती एक थाप मी अजून वागवतो आहे. आता सहा दिवस उरलेत. आईला काय सांगू, हे मला खरंच सुचत नाही. रात्री झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही. बायकोला तरी कुठे ठाऊक आहे!

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी चौदा वर्षांचा होतो आणि आपल्या तालमीच्या लहान गटाच्या फुटबॉल संघात मागे बचावाला खेळायचो. तुम्ही दिवसभर फाउंड्रीत ओतीव माल घासायचात आणि संध्याकाळी तोंडावरची काळी धूळ न धुताच आम्हाला शिकवायला मैदानावर यायचात. त्या सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो आणि शेवटची दोन मिनिटं राहिली होती. चेंडू माझ्याकडे आला, समोरून दुसऱ्या पेठेचा एक दांडगा पोरगा धावत आला आणि मी डोळे मिटून असा फटका मारला की चेंडू भिंतीपलीकडे रस्त्यावर जाऊन पडला. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तुम्ही मला सायकलवर मागे बसवून घरी आणलंत. आईने रविवारचं मटण वाढलं. मग भाकरी मोडता मोडता म्हणालात, "भिऊन मारलास तू."

"पण जिंकलो की आबा."

"जिंकलो. पण उजव्या अंगाला आपला माणूस एकटा उभा हुता, त्यो तुला दिसला न्हाई. लांब मारायला माझी ना न्हाई. बघून मारला असतास तर मी काय बी बोललो नसतो."

मला तेव्हा भयंकर राग आला होता. मी ताटावरून उठलो नाही एवढंच, कारण मटण चांगलं झालं होतं.

हॅनोव्हरला मास्टर्सला गेल्यावर मी एक खेळ खेळायचो. तुम्हाला फोनवर नुसतं "फुटबॉल खेळतो" म्हणून सांगायचो आणि तुम्ही खूश व्हायचात. तो आपला फुटबॉल नव्हता. विद्यापीठाच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट, सगळा धसमुसळा कारभार. त्यात संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन प्रयत्न फसले, की चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू आपणहून लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात. तिथल्या तिथे फसून चेंडू गमावण्यापेक्षा त्यांना निदान लांबून सुरुवात करायला लावायची. आणि ते मारायचं काम माझं. तुम्ही ज्यावरून रागावलात, नेमकं त्याच कामाला मला माणसांनी निवडून घेतलं होतं!

नेहमीची रीत अशी, की मारणारा मागे एका जागी उभा राहतो आणि चेंडू उंच, लांब उडवतो. पण समोरचा माणूस तो आरामात झेलतो आणि धावत अर्धी जागा परत घेतो. आमच्या ट्रेनरने मला दोन्ही पायांनी पळता पळता मारताना बघितलं आणि तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं बघ, तू उभा राहूच नकोस. रग्बीवाले मारतात तसं मार." म्हणजे चेंडू हातात घेऊन उजवीकडे आडवं पळत सुटायचं. तेवढ्या वेळात आपली माणसं पुढे पोचतात. मग पळता पळताच बुटक्या उंचीचा फटका मारायचा. तो चेंडू हवेत फार लांब जात नाही, पण जमिनीवर वेडावाकडा उसळत घरंगळत राहतो. समोरचा माणूस त्याला हात लावायला कचरतो, कारण हात लागून सुटला तर तो आम्ही उचलू शकतो. शेवटी चेंडू त्यांच्याच गोलरेषेपाशी जाऊन थांबतो आणि त्यांना तिथून सगळं मैदान तुडवत यावं लागतं. चेंडू त्यांचा, पण जागा आमची. आणि यातली खरी गोम अशी, की पळणाऱ्याने मारलंच पाहिजे असं नाही. समोर वाट मोकळी दिसली तर चेंडू घेऊन तसंच पळत सुटायचं. ट्रेनर रोज घसा फोडून ओरडायचा, "एर्स्ट शाऊएन! आधी बघ!" मी मनात म्हणायचो, हा कोल्हापूरला कधी येऊन गेला?

अभ्यासात मात्र मी गटांगळ्या खात होतो, ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही. एका विषयात दोनदा नापास झालो होतो. इथे तिसरा प्रयत्न शेवटचा. त्यात गेलात की तो अभ्यासक्रम संपला, नाव कमी. एका शुक्रवारी दुपारी परीक्षा कार्यालयाचं पत्र आलं. दोन ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ होता, अंतिमतः अनुत्तीर्ण. मी ते पत्र स्वयंपाकघरात फ्रीजवर पालथं ठेवलं आणि डाळ शिजवायला घेतली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत तुमचा स्काइपवर फोन आला. तुम्ही दवाखान्याच्या खाटेवर होतात, नाकात नळी होती, आणि आईने फोन तिरका धरल्यामुळे मला तुमचा अर्धाच चेहरा दिसत होता. फाउंड्रीची धूळ फुप्फुसात साचली आहे, हे डॉक्टरांनी तुम्हाला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही स्वतःचं काही बोलला नाहीत. विचारलंत, "निकाल लागला काय रं?"

"लागला. पास झालो आबा."

तुम्ही हसलात आणि त्या हसण्याने तुम्हाला खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणालात, "मग ये की आता."

आबा, मी तेव्हा येऊ शकलो असतो. पासपोर्ट खणात होता, व्हिसाची मुदत शिल्लक होती. पण नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याला परत येता येईल की नाही याची धास्ती होती, आणि त्याहून मोठी धास्ती तुमच्यासमोर बसायची होती. मी म्हणालो, "पदवीचे कागद हातात यायचेत. दोन महिन्यांत येतो." तुम्ही "बरं, बरं" म्हणालात. डाळ करपली होती.

दुसऱ्या दिवशी सामना होता आणि मी गेलो, कारण खोलीत बसवत नव्हतं. आमचा चौथा प्रयत्न मैदानाच्या मध्याजवळ आला. चेंडू हातात आला, मी उजवीकडे पळत सुटलो, आणि समोरची माणसं सगळी मागे हटली. त्यांना वाटलं, हा मारणारच. पुढे वीस यार्ड हिरवं गवत होतं, एक माणूस नाही. मी मारला. तो माझा सगळ्यात सुंदर फटका होता, चेंडू घरंगळत त्यांच्या गोलरेषेपासून तीन यार्डांवर जाऊन निपचित पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रेनर फक्त जवळ आला आणि म्हणाला, "समोर कुणी नव्हतं. का नाही पळालास?" मी म्हणालो, दिसलं नाही. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. त्या दिवसानंतर मी त्या मैदानावर पाऊल ठेवलं नाही.

त्या फोननंतर एकविसाव्या दिवशी तुम्ही गेलात. मी पोचलो तो थेट रक्षाविसर्जनाला. तालमीतली माणसं माझ्या पाठीवर हात ठेवत होती. तुमच्याबरोबर खेळलेले एक काका म्हणाले, "खाटेवरनं पेढे वाटले रं त्येंनी. नर्सबाईला पण दिला. पोरगं जर्मनीत पास झालं म्हणून सांगत हुते." मी मान हलवली. ती मान मी अजून हलवतोच आहे. परत आल्यावर जुन्या बी.ई.च्या जोरावर इथे फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी मिळाली. लग्न झालं, मुलगी झाली, ती तुमच्या फोटोला "ओपा", म्हणजे आजोबा, म्हणते आणि माझ्याशी जर्मनमध्येच भांडते. दर वेळी आईने हॅनोव्हरचं नाव काढलं की मी विषय टोलवला. कधी थंडी आहे म्हणालो, कधी सुट्टी नाही, कधी मुलगी लहान आहे. प्रत्येक वेळी जमलं आणि वाटलं, सुटलो. आता पुढे टोलवायला जागाच राहिली नाही. ती मंगळवारी विमानातून उतरणार, माझ्या घरात येणार आणि भिंतीकडे बघणार.

परवा मी इंटरनेटवर बनावट सर्टिफिकेट छापून मिळतं का, हे शोधलं. चाळिशीला आलेला बाप्या, आईला फसवायला कागद शोधत बसला होता! मिळतं. मी नाव, विषय, सगळं भरलं आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी उठून संडासात जाऊन रडलो. बटण दाबलेलं नाही. पण ते पान अजून बंदही केलेलं नाही. आबा, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही. मला एवढंच कळत नाही, की ती ऐकून घेईल तेव्हा तिच्या तोंडाकडे कसं बघू? तुम्ही पेढे वाटलेत तेव्हा ती शेजारी उभी होती. माझं खोटं उघडं पडलं तर तुमची ती शेवटची खुशीही तिच्या हातून जाईल, आणि तिच्याकडे तुमचं तेवढंच राहिलं आहे. की हेसुद्धा मी पळवाट म्हणूनच म्हणतो आहे?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. एक गोष्ट मात्र कबूल करतो. आज सकाळी मी हे तुम्हाला लिहायला बसलो नव्हतो. कागदावर पहिल्यांदा "आई" लिहिलं होतं. ते खोडून "आबा" केलं, कारण तुम्ही वाचणार नाही.