साथीला धाकटा

४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. परवा नाटकात क्लॅरिनेट, काल सर्कशीत बासरी, आता त्या बड्या गायिकेच्या साथीला सॅक्सोफोन! वाचून अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला सांगू? हातात सॅक्सोफोन दिला मी आणि बोलावणी येतात तुला. तुझी वहिनी म्हणते, मी तुला पाण्यात पाहतो. पाहतोच.

आता कामाचं. पंचावन्नाव्या वर्षी माझी पहिली रेकॉर्ड निघतेय. निर्माता म्हणतो, धाकटा साथीला असेल तरच काढतो. तेव्हा ये. पण अट एकच, एकट्याने पुढे येऊन काही वाजवायचं नाहीस. ही एवढी एक तरी माझी राहू दे.

राग येईल. आला तरी तू ये.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अट मान्य. सर्कशीवरून कशाला जळतोस? तिथे मला हत्तीच्या मागे बसवलं होतं. हत्तीच्या मागे बसतो तो तुझ्या मागे बसायला नाही म्हणेल का?

चाली आधी धाड, पाठ करून येतो. वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
बारक्या

२० मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रेकॉर्ड बाजारात आली. जो भेटतो तो तिसऱ्या चालीबद्दल बोलतो. काय धीटपणे शिरलात म्हणे! कसला धीटपणा? ड्रमचे चार ठोके झाल्यावर शिरायचं ठरलं होतं, मी घाबरून दोनवरच शिरलो. आता सगळे थांबणार म्हणून वाट पाहिली, तर कुणीच थांबलं नाही. नशीब म्हटलं आणि तसाच वाजवत राहिलो.

काल स्पीकरला कान लावून ऐकलं. मी चुकतो त्याच क्षणी खालच्या सुरात तू शिरतोस, आणि तुझ्यामागून पियानो आणि ड्रम. मी चुकलोच नाही असं तू सगळ्यांना पटवून दिलंस. नंतर जेवायला बसलो तेव्हाही चकार शब्द काढला नाहीस.

वाटलं, आता तरी माझी जळजळ थांबेल. उलट वाढली. तुझी बोलावणी नकोत मला, हे एवढं यायला हवं होतं.

एक रेकॉर्ड तुझ्या नावाची काढ. साथीला मला घे. आणि कुठेतरी मुद्दाम चूक, मला न सांगता. मला जमतं का, बघायचंय.

लोभ कमी करू नकोस.

जळका, पण तुझाच,
दादा