सेरेनचं बारसं

आत्या, मी जिंकले. हे एक वाक्य तुला सांगायचं म्हणून कागद घेऊन बसले आहे, नाहीतर तू गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी सुचलं नव्हतं. तुझ्या भाच्याला, माझ्या धाकट्या भावाला, मुलगी झाली. इथे दोहात झाली आणि नाव ठेवायचा मान अर्थातच माझा, म्हणजे तिच्या आत्याचा. आपल्या घरात हा मान सुखासुखी कुणाला मिळालाय, ते तुला मी काय सांगायचं!

भावजय वेल्सची आहे, इथल्या शाळेत संगीत शिकवते. तिला जो तो विचारतो, "इंग्लिश ना?" ती हसून म्हणते, "नाही, वेल्श," आणि समोरचा म्हणतो, "तेच ते." हे "तेच ते" तिला फार झोंबतं. फोनवर तिच्या आईशी स्वतःच्या भाषेत बोलायला लागली की तिचा चेहराच बदलतो, माहेरचं माणूस भेटल्यावर आपला बदलतो तसा. ते फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीचे महिने होते. सगळं शहर खणलेलं, जिकडेतिकडे झेंडे, भाऊ स्टेडियम थंड ठेवायच्या कामात बुडालेला. त्यात वेल्सचा संघ कित्येक वर्षांनी पात्र ठरलेला. बाईसाहेबांनी आठव्या महिन्यात स्टुलावर चढून अल मुंतझातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत लाल ड्रॅगनचा झेंडा बांधला. आई नाशिकहून बाळंतपणाला आली ती तो झेंडा बघूनच म्हणाली, "हा साप कुणी टांगला?"

मुलगी आहे हे इथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. एका शुक्रवारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात आहोत. आई डिंकाचे लाडू वळतेय, भावजय नावं वाचतेय आणि भाऊ अर्थ मराठीत सांगतोय. हेउल्वेन म्हणजे ऊन. आई म्हणाली, "अगं बाई, इथे आणखी ऊन कशाला?" एइरा म्हणजे बर्फ. "तो फ्रीजमध्ये आहे." ब्रॉनवेन म्हणजे गोऱ्या छातीची, असं कळल्यावर आई पदर सावरत उठलीच. आम्ही हसून हसून बेजार. मग भावजय म्हणाली, "सेरेन. म्हणजे तारा." आणि तिनं यादी मिटून पोटावर हात ठेवला. तिचं ठरलं होतं.

आईलाही अर्थ आवडला. "मग तारका ठेवू," ती म्हणाली, "अर्थ तोच." भावजय शांतपणे म्हणाली, "मग मी तुम्हाला आई कशाला म्हणते? मदर म्हणते. अर्थ तोच." भावानं हे भाषांतर करून सांगायला नको होतं, पण त्याला कधी अक्कल होती? आईच्या हातातला लाडू फुटला. तिचंही खोटं नव्हतं, आत्या. माझ्या लेकाला मराठी सगळं समजतं आणि उत्तर तो इंग्लिशमध्ये देतो. आई मला म्हणाली, "तुझा लेक मला 'येस आजी' म्हणतो. आता नातीचं नावही गेलं, तर माझं इथे उरलं काय?"

मुलगी झाली, बारसं ठरलं, तशी भावानं तोड काढली. "ताई, कानात तारका सांग, कागदावर सेरेन. आई खूश, ही खूश. खलास!" सगळ्यांना पटलं. भावजयही थकून हो म्हणाली, आणि तिचं ते हो म्हणणं मला सहन झालं नाही. मला तू आठवलीस. माझ्या बारशाला आजोबांनी नाव ठरवून ठेवलं होतं आणि तुझ्या मनात दुसरंच होतं. तुलाही सगळ्यांनी हेच सुचवलं होतं ना? पोळ्या लाटता लाटता तू सांगायचीस, "कानात एक आणि चारचौघांत एक, हे मला जमलं नाही बाई. पोरीला पहिली थाप आत्यानंच मारायची?" आजोबा पानावरून उठले, तू उठली नाहीस, आणि नाव तू निवडलेलंच पडलं. पुढे लोकांचे पाळणे सजवायला मला बरोबर न्यायचीस तेव्हा एका घरी मी बाळाचं नाव ऐकून फिसकन हसले, तर तू तिथेच माझा कान पिळलास. "नावाला हसायचं नाही. त्या घरात कुणाला तरी काहीतरी फार हवं होतं, ते आहे ते." मला तेव्हा फक्त कान दुखलेला कळला होता.

बारशाच्या दिवशी उम्म सलाल मोहम्मदच्या माझ्या घरून मी सकाळीच पोचले आणि आईला सांगून टाकलं, "मी सगळीकडे एकच नाव सांगणार. सेरेन." आई म्हणाली, "मग मी बाहेर येणार नाही." आली नाहीच. बाहेर बिल्डिंगमधल्या बायका जमलेल्या, टीव्हीच्या पडद्यावर भावजयीची आई सकाळी सकाळी हॅट घालून बसलेली. मी पाळण्यावर वाकले, कुर्रर्र केलं, बायकांनी पाठीत दणादण धपाटे घातले आणि मी उठून मोठ्यानं सांगितलं, "सेरेन!" जळगावच्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे काय हो? इंग्लिश का?" भावजयीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मागून आवाज आला, "इंग्लिश नाही हो, वेल्श! तारा म्हणतात तारा!" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे लाल आणि हातात घुगऱ्यांचं पातेलं. भावजय ओली बाळंतीण असल्याचं भान विसरून तिच्याकडे धावली. पडद्यावरच्या बाई टाळ्या पिटत होत्या. मला तर नाचावंसं वाटत होतं! आता आई सूक वाकिफच्या बाजारात दुकानदारांनाही तोडक्या हिंदीत वेल्स समजावून सांगते.

हे पत्र कुठे टाकणार म्हणा. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. पाळण्यावर वाकले तेव्हा आई आत रडत होती, ते मला ऐकू येत होतं आणि माझा धीर सुटला होता. बाळाच्या कानात सेरेन म्हणायच्या आधी माझ्या तोंडून हळूच "आत्या" आलं. मी तुला हाक मारली होती. म्हणजे सगळीकडे एकच नाव सांगितलं, असं मी छाती काढून सांगते ते अगदी खरं नाही. त्या कानात आधी तू गेलीस.