होला मारायची चौथी गोष्ट

प्रिय अब्बा,

सलाम. कबरस्तानात शिरताना आधी सलाम करायचा, हे तुम्हीच शिकवलंत. तुमच्या कबरीपर्यंत मला येता आलं नाही, म्हणून हा सलाम शारजातून, कागदावर.

आजच लिहायला बसलो, कारण अरबाब, म्हणजे माझा मालक, दुपारी म्हणाला, "नासिर, मेरा नया दामाद को शिकार सिखाओ. वो सीख गया, तो तुम छुट्टी जाओ, इन्शाल्ला." ते ऐकून मला रडूच आलं. हेच तो गेल्या वर्षीही म्हणाला होता.

मी इथे कसा अडकलो, ते तुम्हाला कधी खरं सांगितलंच नाही. फोनवर दरवेळी 'अरबाब सोडत नाही' म्हणायचो. पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे, हे खरंच. पण ते अर्धंच खरं होतं.

मजऱ्यावर, म्हणजे अरबाबाच्या शेतावर, आलो तो खजुरांना पाणी द्यायला. पहिल्याच हिवाळ्यात पाहुणे एअरगन घेऊन आले आणि एकालाही होला, आपलं ते रानकबुतर, पाडता येईना. मला राहवेना! बंदूक मागून घेतली, हौदाकाठचा एक पाडला, धावत जाऊन बिस्मिल्ला म्हणत जीव असतानाच हलाल केला. अरबाब खूश! तेव्हापासून मी 'उस्ताद'. कशाला हुशारी दाखवायला गेलो हो मी? आणि तुम्ही तरी एवढं चांगलं का शिकवलंत?

आठवतं, भात कापलेल्या शेताच्या बांधावर बसून नव्या माणसाला तुम्ही चार गोष्टी सांगायचात? ऊन पाठीवर घेऊन बस. होला पाण्यात चोच घालून एका दमात पितो, हलायचं असेल तर तेव्हाच हल. पडला की नजर न काढता धाव, सुरीखाली पाखरू जिवंत आलं पाहिजे. आणि चौथी : थवा बसला की नवशिक्याच्या बंदुकीची नळी एकावरून दुसऱ्यावर फिरत राहते आणि एकही मिळत नाही. एक निवड, बाकीच्यांकडे बघूच नकोस.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही आजारी असल्याची चिठ्ठी आली. अरबाब म्हणाला, "तुम गया तो मेहमान को शिकार कौन कराएगा? पहले किसी को सिखाओ." मी पाहुण्यांना शिकवलं. पण तीनच गोष्टी, अब्बा. चौथी गिळून टाकली! भीती वाटली. सगळ्यांनाच जमलं तर उस्ताद कशाला हवा? मग व्हिसा खलास, आणि परत तुमच्याच जिवाला घोर. पाहुणे चुकत राहिले, माझ्यावाचून त्यांचं अडत राहिलं आणि तुम्ही तिकडे वाट बघत राहिलात.

तुम्हीही एकदा तरी रागवायचं होतं! "आत्ताच्या आत्ता ये," म्हणायचं होतं. दरवेळी आपलं "काम सांभाळ, मी बरा आहे."

गेल्या जुम्याला तुम्ही गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नुकताच पडलेला होला उचलून आणला होता. अरबाबाने निरोप सांगितला, दुआ मागितली आणि म्हणाला, "असर की नमाज़ के बाद दफन है. तुम कैसे पहुँचेगा?" त्याचं काही चुकलं नव्हतं. सुरी काढायची राहून गेली आणि होला माझ्या तळहातावर गेला. माझ्या हातून हराम झालेलं ते पहिलं पाखरू. पाहुणे चिडले. मी ते खजुराखाली पुरलं. तुम्हाला माती द्यायला नव्हतो, त्याला दिली.

ही चौथी गोष्ट गेल्याच वर्षी सांगितली असती, तर तुम्ही मला जिवंत भेटला असतात. हे मी अजून अम्मीलाही सांगितलेलं नाही. तुम्ही माफ कराल?

अरबाबाच्या इन्शाल्लाचा आता मला भरवसा नाही. जावई शिकेल आणि हा कदाचित दुसरंच काहीतरी काढेल. तरी वचन देतो, अब्बा. उद्या सकाळी हौदावर गेलो की त्याला पहिली सांगेन ती चौथीच. व्हिसाचं काय, उस्ताद कोण म्हणेल, तिकडे आता बघायचंच नाही. मला फक्त तुमच्याकडे यायचंय.

पुढचा सलाम तुमच्या उशाशी उभा राहून करीन.

तुमचा,
नासिर